मुंबई-ठाण्याची पिकअप घेताय? आधी तिच्याखाली झोपून बघा



वालाच्या पेरणीचे फोटो टाकणार होतो, ते पुढच्या वेळी. आज गाडीवर लिहितो. परवा आमच्या अंगणात एक दलाल माझी जुनी पिकअप बघायला आला होता. १,३५,००० म्हणाला. मी म्हटलं, अरे बाबा, हिची चेसिस गेलीय, तुला ठाऊक आहे ना? तर हसून म्हणाला, "काका, चेसिसला काळा मारतो, हौद्याला नवा पत्रा टाकतो आणि जुन्नर-संगमनेर साइडला देऊन टाकतो. तिकडं कोण खाली वाकून बघतो? मुंबईची गाडी म्हटली की डोळे झाकून घेतात."

या पेजवर निम्मे लोक त्याच साइडचे आहेत. म्हणून लिहितो.

मीरा-भाईंदरला शेती कुठं, असं विचारणारे मला रोज भेटतात. राई, मुर्धा, मोर्वा, डोंगरी, उत्तन, तिकडं चेणे, इथं अजून थोडी शेती तग धरून आहे. एका बाजूला खाडी, मिठागरं आणि समुद्र, दुसऱ्या बाजूला टॉवर. माझी दीड एकर भाजी. मुळा, माठ, वांगी, वाल. भाईंदरचा बाजार जवळचा, पण तिथं भाव पडला की बोरिवली. पूर्वी शेजाऱ्याचा टेम्पो भाड्यानं घ्यायचो. मग मोबाईलवर एक एक व्हिडिओ बघायला लागलो. दोन लाखात स्वतःची गाडी घ्या, व्यापाऱ्याची कटकट संपवा, शेतकरी मालक बना. गाणं लावलेलं, गाडीला हार घातलेला. २०२१ च्या दिवाळीला मीही घेतली. २०१३ चं मॉडेल, बुकावर तिसरा मालक. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नाही.

दलालानं सांगितलं, भाजीची गाडी आहे, रात्री दादरला जायची आणि सकाळी परत, बाकी उभीच. मीटरवर ९२,००० किलोमीटर. इंजिन सुरू केलं तर आवाज गोड. रंग नवा. मी काय बघितलं? टायर बघितले, सीटा बघितल्या, हॉर्न वाजवला आणि एक चक्कर मारली. रिकाम्या गाडीनं, सपाट रस्त्यावर. आज मलाच माझी लाज वाटते. बैल घेताना आम्ही दात मोजायचो, खूर उचलून बघायचो, नांगराला जुंपून बघायचो. अडीच लाखाची गाडी घेताना मात्र हॉर्न वाजवून बघितला.

पहिल्या पावसाळ्यात हौद्यातून वास यायला लागला. भाजीवाला म्हणायचा, काका तुमच्या मुळ्याला बोंबलाचा वास येतो. शेवटी हौद्यातल्या फळ्या उचकटल्या. खाली माशाचे खवले चिकटलेले, बोटभर जाड थर, आणि त्याच्याखाली पत्रा चाळणीसारखा. गाडी मासळीची होती. बर्फ वितळून खारं पाणी वर्षानुवर्षं खाली चेसिसवर ठिबकत राहिलेलं.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर उत्तनचे दोस्त माझ्यावर रागावतील. मासळीवाल्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांचा धंदाच मिठाचा आणि बर्फाचा. गाडी किती वर्षं टिकणार हे त्यांना माहीत असतं आणि त्या हिशेबानंच ते चालवतात. मासळीची गाडी मासळीची म्हणून विकली तर कुणी फसत नाही. मासळीची गाडी भाजीची म्हणून विकली की फसवणूक सुरू होते.

आता गंजाबद्दल थोडं नीट सांगतो, कारण इंजिनाबद्दल सगळे बोलतात आणि चेसिसबद्दल कोणी बोलत नाही. पिकअपची चेसिस म्हणजे दोन लांब पन्हाळी आणि मध्ये आडवे पट्टे, शिडीसारखं. सगळा भार त्या दोन पन्हाळींवर. जिथं पन्हाळीला आतून जोड दिलेला असतो, जिथं कमान पाट्यांचे ब्रॅकेट रिबिटानं बसवलेले असतात आणि जिथं मागच्या धुऱ्यावरून चेसिस वर उचललेली असते, त्या जागी चिखल आणि पाणी अडकतं. बाहेरून रंग शाबूत आणि आतून गंज. गंजलेलं लोखंड फुगतं, मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतं, त्यामुळे दोन पत्र्यांच्या मध्ये गंज धरला की तो पत्रे पाचरीसारखे फाकवतो. तुम्हाला वरून रंगाला फुगवटा आलेला दिसेल. त्यावर काळा मारला की तोही दिसत नाही.

आणि याला फक्त मासळी लागते असं समजू नका. देशावरच्या लोकांसाठी मुद्दाम लिहितो. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. मिठातला क्लोराइड तोच. पोटॅशची फाटकी गोणी हौद्यात सांडली आणि वर पाऊस पडला की समुद्र तुमच्या हौद्यात आला म्हणा. ओलं शेणखतही तसंच, त्याचं पाणी फटीतून खाली जातं आणि तिथंच बसतं. युरियाही हवेतलं पाणी ओढून घेतो आणि पत्रा ओला ठेवतो. कृषी खात्याचे आणि विद्यापीठाचे जे साहेब लोक हे पेज वाचतात त्यांना विनंती आहे, खताच्या प्रशिक्षणात मात्रा सांगता तसं हेही एक वाक्य सांगा, की खत उतरवल्यावर गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवायची.

गोड्या पाण्यानं म्हटलं, कारण माझी स्वतःची चूक इथंच आहे. आमच्या बोअरचं पाणी मचूळ. चार वर्षं मी त्याच पाण्यानं गाडी धुतली, दर रविवारी, मोठ्या प्रेमानं. म्हणजे मासळीवाल्यानं सुरू केलेलं काम मीच पुढं चालवलं. त्यात उधाणाच्या भरतीला आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येतं, त्यातूनही गाडी काढायचो. जळकं मोबिल खालून फवारायचा सल्ला बरेच देतात. लोखंडाला थोडं बरं पडतं, पण रबरी बुश आणि ब्रेकचे रबरी पाइप फुगतात, आणि ते तेल शेवटी आपल्याच शेतात ठिबकतं. मी एकदा केलं, परत केलं नाही.

मग वेल्डिंग. पहिल्यांदा ८,००० ची पट्टी मारली, दोन वर्षांनी १७,००० ची. मिस्त्री चांगला माणूस, त्यानं आधीच सांगितलं होतं, "काका, गंजावर पट्टी म्हणजे कुजक्या मेढीला दोरी. पट्टी टिकेल, तिच्या शेजारचं तुटेल." तसंच झालं. पट्टीच्या कडेला, जिथं लोखंड तापलं होतं, तिथंच भेग गेली. आणखी एक लक्षात ठेवा, चेसिस नंबर त्याच पन्हाळीवर ठोकलेला असतो. गंजानं किंवा पट्टीनं तो नंबर खाल्ला तर पासिंगला गाडी उभीच राहणार, मग इंजिन कितीही गोड वाजू दे.

पैशाचं पुढं सांगतो. आधी २०२४ च्या पावसाळ्यातला प्रसंग.

डोंगरीच्या उतारावरून खाली येत होतो. केबिनमध्ये मी आणि बायको. हौद्यात भाजीच्या क्रेटवर बसलेल्या कामाच्या दोन बाया. एक टनाच्या आसपास माल. ब्रेक दाबला तर पायडल खाली गेलं. पूर्ण नाही, पण खाली. मागच्या ब्रेकचा लोखंडी पाइप चेसिसच्या कडेनं जातो, तो क्लिपच्या खाली गंजून फुटला होता. पुढचा आणि मागचा ब्रेक वेगळ्या लाइनवर असतात म्हणून पुढचे ब्रेक शिल्लक होते, नाहीतर आज हे लिहायला मी नसतो. हँडब्रेक ओढला तर केबल जाम. दुसऱ्या गिअरला टाकून गाडी डावीकडच्या मातीच्या ढिगाऱ्यावर घातली. थांबली. एका बाईचं मनगट दुखावलं, बाकी सगळे वाचलो.

संध्याकाळी मनगटाला पट्टा बांधून ती बाई आमच्याच ओट्यावर चहा प्यायला बसली आणि म्हणाली, दादा, उद्या किती वाजता यायचं. मला तिच्याकडे बघवेना. कारण मधल्या वेळात मी पॉलिसी काढून बघितली होती. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा माणूस एवढ्यालाच कायद्यानं विम्याचं कवच धरतात. हौद्यात मजुरीला बसवून नेलेल्या माणसांचं काही झालं तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि मग मालकाची जमीन जाते. आपण सगळेच बाया-माणसं हौद्यात बसवून नेतो. मीही नेत होतो. आता नेत नाही.

त्या दिवशी गाडी उचलून बघितल्यावर आणखी एक गोष्ट कळली, ती बहुतेकांना माहीत नसते. पुष्कळ पिकअपना मागच्या धुऱ्याजवळ एक व्हॉल्व्ह असतो, त्याला एक दांडी असते. गाडीत वजन पडलं की चेसिस खाली येते, दांडी फिरते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. माझ्या गाडीची दांडी गंजून जाम होती. वर आधीच्या मालकानं कमानीत दोन पाटे जादा घातलेले. जादा पाटे घातले की वजन टाकूनही चेसिस खाली बसत नाही, म्हणजे दांडी ठीक असली तरी व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटणार आणि मागचा ब्रेक कमीच लागणार. आपण मात्र जादा पाटे बघून खूष होतो, गाडी मजबूत केलीय म्हणतो! पाटे मोजा. कंपनीच्या आकड्यापेक्षा जास्त असले तर त्या गाडीनं ओव्हरलोड ओढलाय हे नक्की समजा. ओव्हरलोडचा दंड आता २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० आहे, तो वेगळाच.

बाकीच्या दुखण्यांची यादी लांबवत नाही. क्लच प्लेट गेली, टर्बो गेला, इंजेक्टर गेले, पाण्याचा पंप गळला, मागच्या हाउसिंगमधून घुईं घुईं आवाज यायला लागला, उंदरानं वायरिंग खाल्लं. हे सगळ्या जुन्या गाड्यांना होतं आणि सगळं दुरुस्त होतं. पैसे लागतात, पण दुरुस्त होतं. चेसिस तेवढी दुरुस्त होत नाही.

आता हिशेब. वही समोर ठेवून लिहितोय, दिवाळी २०२१ ते दिवाळी २०२५, चार वर्षं.

गाडी २,४०,०००. दलाली ५,०००. नाव लावणं, आधीच्या मालकाचा कर्जाचा बोजा उतरवणं, एजंट, मिळून ११,०००. झाले २,५६,०००.

दुरुस्ती आणि सामान: चार टायर २९,०००, वेल्डिंग दोनदा २५,०००, इंजेक्टर २४,०००, हौद्याचा पत्रा १९,०००, टर्बो १६,०००, हाउसिंगचे बेअरिंग १५,०००, पाटे आणि बुश १३,५००, ब्रेकचं काम १२,८००, क्लच ११,५००, सेल्फ-डायनॅमो-वायरिंग ९,५००, रेडिएटर आणि पाण्याचा पंप ९,२००, बॅटरी ६,५००. बेरीज १,९१,०००.

विमा वर्षाला साडेअठरा हजार, चार वर्षांचे ७४,०००. पासिंग वर्षाला साडेसात हजार, त्यात फी, रेडियमच्या पट्ट्या, रंगाचा हात आणि एजंट आला, चार वर्षांचे ३०,०००. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की दर दोन वर्षांचं पासिंग दरवर्षी होतं, आणि गाडीच्या वयाबरोबर फीही चढते. ऑइल, ग्रीस, सर्व्हिस वर्षाला १२,०००, चार वर्षांचे ४८,०००.

म्हणजे गाडी घेतल्यानंतर, डिझेल सोडून, ३,४३,००० घातले. गाडीच्या किमतीपेक्षा जास्त.

भंगारात आज ४५,००० येतात. ते वजा केले तर चार वर्षांचा खर्च ५,५४,०००. वर्षाला १,३८,५००. माझ्या वर्षाला दीडशे फेऱ्या होतात. फेरीला पडले ९२३ रुपये. बोरिवलीला जाऊन येऊन डिझेल ३०० चं. एकूण १,२२३. शेजाऱ्याचा टेम्पो तीच फेरी ११०० ला करतो, आणि दोघांचा माल एकत्र टाकला तर प्रत्येकी साडेपाचशे. माझी स्वतःची ड्रायव्हरकी मी यात धरलेलीच नाही. गाडी गॅरेजला पडून होती ते एक्केचाळीस दिवसही नाहीत, आणि त्या दिवसांत मी टेम्पोच सांगत होतो.

हे आकडे माझे आहेत, तुमचे वेगळे येतील. ज्याला रोज काम आहे, दूध आहे, भाडं मारतो, त्याचं गणित बसतं. माझ्या आकड्यांनी वर्षाला पावणेदोनशे फेऱ्यांच्या पुढं गाडी परवडते, त्याच्या खाली नाही. दीड-दोन एकरवाल्याच्या तेवढ्या फेऱ्या होतात का, हे त्यानं वहीत लिहून बघावं. व्हिडिओवाला हा आकडा कधी सांगत नाही. आणि उत्पादन खर्चाची जी पत्रकं मी बघितली त्यांत वाहतूक म्हणून एक ओळ असते, भाड्याच्या दरानं भरलेली. स्वतःची गाडी ठेवणाऱ्याचा घसारा, विमा, पासिंग त्या ओळीत कुठंच दिसत नाही. साहेब, ती ओळ फोडून लिहा. म्हणजे पोरांना कळेल.

आता खरी गंमत ऐका. भंगारात न देता दलालाला १,३५,००० ला दिली, तर ९०,००० जास्त येतात. मग फेरीचा खर्च ७७३ वर येतो, डिझेल धरून १,०७३. म्हणजे टेम्पोपेक्षा फेरीमागे सत्तावीस रुपये स्वस्त! चार वर्षांत पहिल्यांदा माझी गाडी मला परवडायला लागते. कशाच्या जोरावर? संगमनेरच्या एखाद्या माणसाच्या गळ्यात ही कुजकी चेसिस मारली तर. जुनी गाडी शेतकऱ्याला परवडते असं जे सगळे सांगत फिरतात, त्यातल्या किती जणांचा हिशेब असाच जुळलेला असेल? स्वतःची वही कोणी दाखवत नाही, पण गाडी विकताना रंग मारलेला सगळ्यांनी बघितलाय.

मला दलालाचा राग आहे, पण त्याच्यापेक्षा आपल्या लोकांचा जास्त आहे. दलाल पोटासाठी करतो. आपण एकमेकांना करतो. बियाणं बोगस निघालं की आपण मोर्चा काढतो, दुकानाला कुलूप लावतो, पंचनामा मागतो. आणि स्वतःची गाडी विकायची वेळ आली की मीटर मागं फिरवून आणतो, जाड ऑइल टाकून धूर दाबतो, इंजिन आधीच गरम करून ठेवतो म्हणजे सकाळचा खोकला कळायला नको. हे बोगस बियाण्यापेक्षा कमी आहे का? बियाण्यानं एक हंगाम जातो. ब्रेकचा पाइप उतारावर फुटतो.

घरात यावरून दोन दिवस वाद झाला. पोरगा म्हणाला, "बाबा, आपल्याला कोणी सांगितलं होतं का? आपणपण फसलोच ना? मग आपण का सोडायचे नव्वद हजार?" नव्वद हजार थोडे नाहीत, आमची दोन महिन्यांची भाजी आहे ती. खोटं कशाला बोलू, पहिल्या रात्री मीही हो म्हणणार होतो. दलालाला फोन लावला होता, त्यानं उचलला नाही. दुसऱ्या दिवशी बायको एवढंच म्हणाली, की तिकडं पण हौद्यात बायाच बसणार. मग मी परत फोन केला नाही.

ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी घ्यावी, पण काही गोष्टी करा. पहाटे जा, न सांगता, इंजिन गार असताना. बोनेटला हात लावा, गरम असेल तर परत या. सुरू केल्यावर ऑइलचं झाकण उघडा, तिथून भकाभका धूर येत असेल तर रिंग-पिस्टन गेलेत. माल भरून चढावर चालवून बघा, रिकाम्या गाडीला काही कळत नाही. आणि सोबत प्लास्टिकचा कागद, टॉर्च आणि छोटी हातोडी न्या. कागद पसरून गाडीखाली झोपा. मागच्या चाकांच्या वर, पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ, दोन्ही पन्हाळींवर हातोडी टक टक मारत जा. चांगलं लोखंड ठण् वाजतं. कुजलेलं भद् वाजतं. चेसिसवर ताजा काळा रंग आणि बाकी खालची बाजू जुनी, असं दिसलं तर नखानं रंग उकरा. मालक रागावला तर रागावू दे. हौद्यातली एक फळी उचकटायला सांगा. नाही म्हणाला तर समजून जा.

कागदात तर आपण फारच ढिले. मोबाईलवर एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाकला की फिटनेस कधीपर्यंत, विमा कधीपर्यंत हे दिसतं. ई-चलानं वेगळी बघा, तीही गाडीबरोबर येतात. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. मालक कितवा ते मोजा. एकूण वजन ३,००० किलोच्या वर असेल तर परमिट लागतं, मोठ्या पिकअप त्यात येतात. लायसन्सची भीती मात्र ठेवू नका, साध्या एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलंय. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यानं आरटीओचं अधिकारपत्र घ्यायचं असा नियम आहे. ते दाखव म्हणा. आमच्या अंगणात आलेल्या दलालाला मी विचारलं, तो म्हणाला, काका असं काही नसतं.

आणि विकणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. सह्या केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३० देऊन मोकळे होता ना? २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला. गाडी एका हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या हातात विकली गेलेली, आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच. अपघात झाला. कोर्टानं सांगितलं, आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, भरपाई त्यानंच द्यायची. म्हणजे माझी कुजकी गाडी दलालानं दोन वर्षं कोऱ्या फॉर्मवर फिरवली आणि संगमनेरच्या घाटात तिचा ब्रेक गेला, तर नोटीस राईला माझ्या घरी येणार.

नवी घ्यायची ऐपत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाडीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, ते बघा. हप्त्याचं ओझं असतंच, त्यावर मी सल्ला देणार नाही. जुनीच घ्यायची तर कोरड्या भागातली, एका हाताची, चार-पाच वर्षांची बघा. आम्ही किनाऱ्यावरचे लोक देशावरून गाडी आणायची सोडून इथलीच घेतो, आणि देशावरचे लोक रस्ता चांगला म्हणून मुंबईची शोधत येतात. उलटा कारभार आहे सगळा.

माझ्या गाडीचं ठरलंय. पुढच्या आठवड्यात नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राची क्रेन येणार आहे. ते सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट देतात आणि त्यावर आरसी रद्द होते, नवी गाडी घेताना टॅक्समध्ये सूट मिळते ती वेगळी. गल्लीतल्या भंगारवाल्यानं दोन हजार जास्त सांगितले होते, पण त्याच्याकडे कागद नाही, म्हणून नको म्हटलं. पोरगा अजून माझ्याशी नीट बोलत नाही. शेजाऱ्याच्या टेम्पोचं परत ठरवलंय, मी आणि मुर्ध्याचा एक जण मिळून, सोमवार-बुधवार-शनिवार.

खाली चार फोटो टाकलेत. पहिल्या दोनात गाडी वरून, दलालाला आवडली होती तशी. तिसऱ्यात डावी पन्हाळ, मागच्या चाकाच्या वर, बिनरंगाची. चौथ्यात तिथंच हातोडी, दांड्यापर्यंत आत गेलेली. गाडीचा नंबर झाकलेला नाही, मुद्दाम. क्रेन येईपर्यंत कुठं काळ्या रंगात दिसली तर मला कळवा.